न शिजवता केलेले खजूर-बेदाण्याचे बार बाहेर काढले की लिबलिबीत का होतात?

यवतेश्वर_चढ (सातारा)

नमस्कार मंडळी,

गॅसवर काहीही न शिजवता, साखर किंवा सिरप न घालता घरी बार करायचे आहेत. उपयोग दोन: सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या सरावात यवतेश्वराचा घाट चढताना खिशात ठेवायला आणि मुलांना मधल्या सुट्टीत द्यायला.

सध्याचं प्रमाण: फ्रीजमध्ये ठेवून विकतात तो मऊ काळा खजूर 300 ग्रॅम, बेदाणा 100, बदाम 100, कच्चे शेंगदाणे 100, जवस दोन चमचे, खोबरेल दोन चमचे. सगळं एकदम मिक्सरला फिरवून, ताटात थापून रात्रभर फ्रीजमध्ये.

फ्रीजमधून काढल्या काढल्या सुरीने छान कापले जातात. अर्ध्या तासात मात्र कागदाला चिकटतात, हाताला तेल लागतं, आकार राहत नाही. डब्यात बाहेर ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंचित आंबूस वास येतो. पावसाचे दिवस आहेत म्हणून असं होतंय की प्रमाणच चुकतंय? आणि शेंगदाणे खरोखर कच्चे घातले तर चालतात का? जाणकारांनी जरा खुलासेवार सांगावं.

---

कृष्णाकाठ (मिरज)

पाऊस भर घालतोय, पण मुळात प्रमाण आणि क्रम दोन्ही बदलायला हवेत. तीन गोष्टी एकाच वेळी घडताहेत, त्या वेगळ्या करून पाहा.

पहिली गोष्ट खजूर. फ्रीजमधला मऊ काळा खजूर खायला उत्तम, बारला वाईट. त्यात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. बारला साधा, दाबून पाकिटात भरलेला तपकिरी खजूर घ्या. बोटाने दाबल्यावर तो दबतो, पण ओलसर लागत नाही. त्यात पाणी साधारण 15 ते 20 टक्के. नुसता एवढा बदल केला तरी निम्मी तक्रार जाईल.

दुसरी गोष्ट खोबरेल. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींमध्ये बार 'सेट' व्हायला खोबरेल सांगतात. ते थंड देशात ठीक आहे. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं. साताऱ्यात पावसाळ्यातही घरात त्याहून जास्त तापमान असतं, सांगली-मिरजेत उन्हाळ्यात तर विचारूच नका. म्हणजे फ्रीजमध्ये जो घट्टपणा दिसतो तो गोठलेल्या तेलाचा असतो, मिश्रणाचा नसतो. खोबरेल पूर्ण काढून टाका. दाणे, बदाम, तीळ यांचं स्वतःचं तेल पुरतं.

तिसरी गोष्ट सगळं एकत्र फिरवणं. चिकट खजूर पात्याला अडकतो, म्हणून मिक्सर जास्त वेळ चालवावा लागतो, भांडं तापतं आणि दाण्यांचं तेल सुटतं. तेल सुटलं की खजुराचा गर दाण्याच्या कणांना नीट धरत नाही. हाताला लागणारं तेल त्याचंच.

आंबूस वासाचं कारण पुन्हा पाणीच. पदार्थात किती टक्के पाणी आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंना वापरायला मोकळं आहे, हे महत्त्वाचं. ते 0 ते 1 या मापावर मोजतात. 0.60 च्या खाली काहीच वाढत नाही. त्याच्या थोडं वर गेलं की साखरेत तग धरणारे यीस्ट आणि काही बुरशा जाग्या होतात. बाजारात टिकणाऱ्या बारचं माप 0.60 ते 0.65 च्या आसपास राखलेलं असतं. आता हवेशी याचा संबंध असा की 0.60 मापाचा पदार्थ 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिर राहतो. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा 85-90 टक्क्यांवर असते, तेव्हा उघडा ठेवलेला कोरडा बारही हवेतून पाणी ओढणारच. तुमच्या मिश्रणात आधीच जास्त पाणी, वर हवेचं पाणी. मग आंबणारच.

हे प्रमाण घेऊन पाहा. बी काढलेला कोरडा खजूर 200 ग्रॅम, बेदाणा 80, शेंगदाणे 120, बदाम 60, तीळ 40, जवस 20, किसलेलं सुकं खोबरं 20, मीठ पाव चमचा, सुंठ अर्धा चमचा. सगळं मिळून 540 ग्रॅम. म्हणजे फळाचा चिकट भाग निम्म्याहून थोडा जास्त आणि बाकी कोरडं. चिकट भाग 60 टक्क्यांच्या वर गेला की बार मऊ, 45 च्या खाली गेला की भुगा.

क्रम असा. दाणे आणि बदाम वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मिक्सर सलग चालवू नका, दोन-दोन सेकंद फिरवून थांबवा, रव्यापेक्षा जाड भरड झाली की काढून घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हायला लागला म्हणजे तेल सुटायला लागलं, तिथेच थांबायचं. जवस वेगळे, ताजे आणि भरड दळा. अख्खे घातले तर बहुतेक तसेच पोटातून बाहेर जातात. आता खजूर बारीक चिरून त्यात याच भरडीतले दोन चमचे मिसळा आणि मग फिरवा, पाती अडकत नाहीत. बेदाणाही त्यातच. हा गोळा परातीत काढून त्यात तीळ, खोबरं, मीठ, सुंठ आणि उरलेली भरड घालून तळव्याने रगडून मळा. मिक्सरमध्ये मिसळू नका. हाताला ओलावा नको, तुपाचा हातही नको.

थापण्याआधी परीक्षा करा. लिंबाएवढा गोळा मुठीत दाबून अंगठ्याने मधोमध दाबा. कडांना बारीक चिरा पडल्या आणि तळहात जवळजवळ कोरडा राहिला तर बरोबर. सुटून पडला तर आणखी दोन-तीन खजूर वाटून घाला. पाणी, दूध अजिबात नको. तळहाताला गर चिकटला तर खारीक पूड घाला, एका वेळी एक मोठा चमचा, आणि पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहा. खारीक पूड गोड असते, चव बिघडवत नाही आणि पाणी छान ओढून घेते. पिठं किंवा दूध पावडर यांपेक्षा इथे तीच खरी कामाची.

18 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घालून सव्वा ते दीड सेंटिमीटर जाड थापा. वरून दुसरा कागद, त्यावर सपाट वाटी फिरवून जोर द्या, मग वजन ठेवून दोन तास फ्रीजमध्ये. दाबणं कमी पडलं तर आत हवेच्या पोकळ्या राहतात आणि बार तिथूनच तुटतो. 45 ग्रॅमचे बारा तुकडे पडतात. एका तुकड्यात अंदाजे 190 कॅलरी, 5 ग्रॅम प्रथिनं आणि 14-15 ग्रॅम साखर. ती फळाची असली तरी साखरच आहे. मुलांना मधल्या सुट्टीत एक पुरे, आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर 'साखर नाही' असं सांगून देऊ नका.

---

द्राक्षबाग_तासगाव

खजुराबद्दल वर उत्तम सांगितलंय. बेदाण्याबद्दल थोडं, कारण सांगली जिल्ह्यात राहून बेदाणा नुसता वरून टाकायचा म्हणून टाकतात हे बरं नाही. सांगलीच्या बेदाण्याला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, माल उत्तम आहे, फक्त तो कसा तयार होतो हे माहीत असलं की वापर नीट होतो.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यामुळे आतलं पाणी लवकर निघत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि मग शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर वाळवतात. दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा तयार. रंग पिवळा उजळ राहावा म्हणून बऱ्याच मालाला गंधकाची धुरी देतात. बारच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. सालीवर किंचित तेलकटपणा राहतो, त्यामुळे न धुतलेला अख्खा बेदाणा खजुराच्या गराला धरत नाही आणि कापताना बारमधून निसटतो. आणि गंधकामुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होऊ शकतो. घरात तसं कुणी असेल तर धुरी न दिलेला काळपट माल किंवा काळी मनुका मागून घ्या.

बारला लांबट, हिरवट, महागडा बेदाणा घेऊ नका. दर ठरतो रंगावर आणि आकारावर, गोडीवर नाही. सौद्यात मागे पडलेला तपकिरी, बारीक माल वाटायलाच घ्यायचा आहे, तो निम्म्या पैशात येतो. घेताना मूठभर दाबून सोडा. मोकळा झाला पाहिजे. गठ्ठा तसाच राहिला किंवा ताकासारखा वास आला तर माल ओला आहे. काड्या आणि देठ हाताने निवडा, मिक्सरमध्ये गेलेली काडी नंतर दाताखालीच सापडते.

धुवायचं कोमट पाण्यात, मिनिटभर, चोळून. मग निथळून सुती कापडावर पसरायचा. उन्हाळ्यात पंख्याखाली सहा-आठ तासांत कोरडा होतो. पावसाळ्यात होत नाही, आणि अर्धा ओला बेदाणा बारमध्ये गेला की आंबणं तिथूनच सुरू होतं. म्हणून नवा माल येतो त्या मार्च-एप्रिलमध्येच वर्षाचा बेदाणा धुऊन, कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. फ्रीजमध्ये जागा असेल तर तिथे. बरणीत साखरेचे पांढरे कण दिसले तर घाबरू नका, ती बेदाण्याचीच साखर आहे. बुरशी लवदार असते आणि वास येतो, कण कुरकुरीत असतात.

नुसत्या बेदाण्याचे बारही होतात, पण बेदाण्यात गर कमी आणि साल जास्त, त्यामुळे पकड खजुरापेक्षा कमी असते. मिक्सरमध्ये सालीचे तुकडे राहतात आणि बार तिथे चिरतो. घरात पाटा-वरवंटा असेल तर बेदाणा पाट्यावर वाटा. मिक्सर साल कापतो, पाटा ती रगडतो, आणि गर लोण्यासारखा सलग येतो. शिवाय तापत नाही. पाट्यावर वाटलेला बेदाणा आणि खजूर निम्मे-निम्मे घेतले तरी बार नीट बांधला जातो, चवही एकसुरी गोड राहत नाही, कारण बेदाण्याला स्वतःची किंचित आंबट बाजू असते.

---

औंध_खटाव

शेंगदाण्यांबद्दल कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

कच्चे शेंगदाणे बारमध्ये घालू नका. भाजून घाला. बाकी सगळं न शिजवता ठेवा, हरकत नाही, पण शेंगदाण्यांना यातून वगळा. कारण शेंगा जमिनीत वाढतात, काढणीच्या वेळी पाऊस झाला किंवा शेंग ओली साठवली की अस्परजिलस नावाची बुरशी लागते आणि ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे यकृताला घातक आहे. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही, थोडंफार कमी होतं, हे स्पष्ट सांगतो. म्हणजे खरी सुरक्षितता निवडण्यातच आहे. सुरकुतलेला, काळवंडलेला, हिरवट-पिवळट डागाचा, साल आधीच सुटलेला, तुटका दाणा बाजूला काढायचा. कडू लागला तर थुंकायचा, गिळायचा नाही. भाजण्याचा फायदा असा की भाजून साल काढली की खराब दाणा रंगावरून लगेच ओळखू येतो, कच्च्यात तो लाल सालीखाली लपलेला असतो.

दुसरा फायदा पुन्हा पाण्याचाच. कच्च्या दाण्यात 7-8 टक्के पाणी असतं, नीट भाजल्यावर 2 टक्क्यांच्या आसपास उरतं. कोरडा दाणा खजुरातलं जास्तीचं पाणी ओढून घेतो. जाड लोखंडी कढईत, मंद आचेवर, बारा-पंधरा मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेरून डाग पडतात आणि आतून दाणा मऊच राहतो. पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावायचा नाही. गरम दाण्याचं कूट होत नाही, लगदा होतो.

त्याचबरोबर: नाचणीचं किंवा कुठलंही कच्चं पीठ 'पौष्टिक' म्हणून बारमध्ये घालू नका. कच्चं पीठ जंतुमुक्त नसतं आणि त्यातला स्टार्च पचायला जड जातो. भाजूनच घ्या. डिंक कच्चा घातला तर दाताला चिकटतो, तो तळूनच फुलतो. अळीव आणि सब्जा कोरडे घातले तर तोंडात आणि पोटात पाणी ओढून फुगतात, लहान मुलांच्या बारमध्ये तर नकोच.

---

मेणवली_वाई

औंधच्या मित्रांशी निवडण्याबाबत शंभर टक्के सहमत, भाजण्याबाबत पूर्ण नाही. न भाजता करायचे असतील तर रीत आहे, फक्त ती ऋतू बघून करायची.

निवडलेले दाणे 250 ग्रॅम, तिप्पट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून सहा-आठ तास भिजवा. मधे एकदा पाणी बदला. उपसून साल काढा, मग पुन्हा निवडा. भिजवल्यावर साल पटकन निघते आणि डागाळलेला दाणा इथेही लगेच दिसतो, म्हणजे तुमचा मुद्दा सांभाळला जातो. मग ड्रायरमध्ये 45-50 अंशांवर 18 ते 24 तास, किंवा मार्च ते मेच्या कडक उन्हात मलमलीखाली दोन दिवस, रात्री आत घेऊन. वाळला की नाही हे दाताने ठरवू नका, वजनाने ठरवा. 250 ग्रॅमचे पुन्हा 240 ग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आले पाहिजेत. दाणा मोडल्यावर टक् आवाज आला पाहिजे. वाकला तर ओला आहे.

असा दाणा गोडसर लागतो, कच्चेपणाचा हिरवा वास जातो. बदामांनाही हीच रीत, फक्त 12 तास भिजवून.

पावसाळ्यात मात्र हे करू नये. ओला दाणा ढगाळ हवेत दोन दिवस पडून राहिला तर बुरशीला स्वतः आमंत्रण दिल्यासारखं होईल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ड्रायर नसेल तर भाजलेलेच घाला.

---

औंध_खटाव

वजनाची परीक्षा पटली. ड्रायर असेल आणि दोनदा निवड होत असेल तर माझी हरकत नाही. मुलांच्या डब्यासाठी मात्र मी भाजलेलेच सांगेन. आणि शाळेत देताना एक लक्षात ठेवा, शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं मूल वर्गात असू शकतं. डबा वाटून खातात, त्यामुळे बाईंना आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं तर दाण्याऐवजी भोपळ्याच्या बिया आणि तीळ.

---

यवतेश्वर_चढ (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. खोबरेल आणि मऊ खजूर दोन्ही आजपासून बंद. आणखी काही शंका: घाट चढताना खायला हेच प्रमाण चालेल का? ओट्स किंवा लाह्या घातल्या तर? गूळ किंवा मध चालेल का? आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घालता येईल का, मुलांना आवडते.

---

प्रीतिसंगम_धावक (कराड)

पळताना हे प्रमाण चालणार नाही. वर दिलेल्या बारमध्ये दाणे-बदामाचं तेल आणि चोथा भरपूर आहे, ते पोटात जास्त वेळ राहतं. चढावर रक्तपुरवठा पायांकडे वळलेला असतो, तेव्हा असा बार जड पडतो, काहींना मळमळतं. तो पळण्याआधी दीड तास किंवा पळून झाल्यावर खा.

पळताना लागतात ते कर्बोदकं. तासाभराहून जास्त श्रम असतील तर तासाला 30 ते 60 ग्रॅम एवढं साधारण धरतात. त्यासाठी वेगळं मिश्रण करा: कोरडा खजूर 250 ग्रॅम, बेदाणा 120 (पाट्यावर किंवा मिक्सरला अगदी बारीक), राजगिऱ्याच्या लाह्या 40, दाण्याचं कूट 40, मीठ अर्धा चमचा. तीळ, जवस, खोबरं काही नको. याची वडी थापू नका, चिकटते. 20 ग्रॅमच्या गोळ्या वळून खारीक पुडीत घोळवा. एका गोळीत 13-14 ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे तासाला तीन गोळ्या हिशेबाला पुरतात. प्रत्येक गोळीबरोबर तीन-चार घोट पाणी हवंच, नुसती खाल्ली तर तोंड चिकट होतं आणि पोटात पाणी ओढलं जातं. खजूर-बेदाण्याचा चोथा सगळ्यांना पळताना सोसत नाही, म्हणून सरावात आधी एका गोळीवर पाहा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.

लाह्यांबद्दल: राजगिऱ्याच्या किंवा ज्वारीच्या लाह्या मुळात फुटलेल्या, म्हणजे भाजलेल्याच असतात. 'अजिबात आच नको' असा हट्ट असेल तर त्या बसत नाहीत. पण पोटाला हलक्या आहेत. एकच अडचण, त्या सादळतात. खजुरातलं पाणी दोन दिवसांत ओढून घेतात आणि कुरकुरीतपणा जातो. म्हणून लाह्यांच्या गोळ्या दोन-तीन दिवसांपुरत्याच करा. ओट्स उलट वागतात, ते पाणी हळूहळू शोषून बारच कडक करतात. ओट्स घालायचेच तर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नकोत, आणि दुकानातले ओट्स आधीच वाफवलेले असतात, त्यामुळे 'कच्चे' म्हणून त्यांचा वेगळा काही फायदा नाही.

---

टेबललँड (पाचगणी)

मध आणि स्ट्रॉबेरीचं मी सांगते, ताई.

मध चालतो, पण चिकटवायला म्हणून नको, वासासाठी घाला. 540 ग्रॅमला एक मोठा चमचा पुरे. मधात 20 टक्क्यांच्या आत पाणी असतं, पण तो हवेतलं पाणी पटकन ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात मधाचा बार आधी ओला होतो. आपल्याकडे जांभळाचा मध चांगला मिळतो, किंचित तुरट, खजुराच्या गोडीला त्याने उठाव येतो. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून घोषित केलंय, तिथलाही बघा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कुठल्याच रूपात नको, त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम जंतूच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

गूळ न शिजवता घालण्यात अर्थ नाही. चिक्की टिकते ती कडक पाकामुळे, त्यात पाणी जवळपास उरतच नाही. कच्चा गूळ बारमध्ये किसून घातला तर त्याला पाझर सुटतो. काकवी तर त्याहून पातळ.

स्ट्रॉबेरी ताजी अजिबात नको, ती बहुतेक पाणीच आहे. पाव सेंटिमीटर जाड चकत्या करून ड्रायरमध्ये 55 अंशांवर आठ-दहा तास वाळवा, मोडल्यावर तुटल्या पाहिजेत. किलोच्या जेमतेम शंभर ग्रॅम होतात. चामड्यासारख्या वाकल्या तर अजून ओल्या आहेत, बारमध्ये त्यांच्याभोवती आधी बुरशी धरते. हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत, तेव्हाच करून घट्ट बरणीत ठेवा. 540 ग्रॅमला 15-20 ग्रॅम, हाताने चुरून, अगदी शेवटी मिसळायच्या. आंबटपणा येतो, मुलं आवडीने खातात. लिंबाचा रस पिळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण रसाने पाणी वाढतं.

सुके अंजीर घालणार असाल तर प्रत्येक अंजीर फोडून बघा. आतली अळी बाहेरून कळत नाही. खजुराचंही तेच, बी काढताना पूर्ण उघडायचा.

---

कृष्णाकाठ (मिरज)

साठवणीबद्दल राहिलं होतं. कापलेला प्रत्येक बार वेगळा बटर पेपरमध्ये गुंडाळा, मग घट्ट डब्यात. एकमेकांवर उघडे रचले तर खालचे वरच्यांच्या वजनाने चिकटतात. कोरड्या हवेत बाहेर दहा-बारा दिवस, पावसाळ्यात चार-पाच दिवसांच्या वर नको. फ्रीजमध्ये तीन आठवडे, फ्रीजरमध्ये तीन महिने.

फ्रीजमधून काढलेला बार लगेच उघडू नका. गार बारवर दमट हवेतलं पाणी जमतं आणि तोच पृष्ठभाग आधी आंबतो. कागदासकट वीस मिनिटं बाहेर ठेवा, पाणी कागदावर जमेल, मग उघडा. सकाळी डब्यात घालायचा बार रात्रीच बाहेर काढून ठेवला तरी चालतो.

तुमच्या घरातली हवा बारला किती पाणी देते, हे पाहायचं असेल तर सोपा उपाय आहे. एक बार काट्यावर तोलून उघडा रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तोला. 45 ग्रॅमच्या बारमध्ये एक ग्रॅमपेक्षा जास्त भर पडली असेल तर त्या दिवसांत पुढच्या वेळी खारीक पूड दोन चमचे जास्त घाला आणि बेदाणा 20 ग्रॅम कमी करा.

खवटपणा ही वेगळी तक्रार. दळलेले जवस आणि अक्रोड यांचं तेल हवेने लवकर खवट होतं, जुनं सुकं खोबरंही खवट लागतं. म्हणून जवस ज्या दिवशी दळाल त्याच दिवशी वापरा, आणि खोबऱ्याची वाटी घेताना आतून वास घ्या, पिवळी पडलेली नको.

---

यवतेश्वर_चढ (सातारा)

खारीक पूड बाजारातली घ्यावी की घरी करावी?

---

द्राक्षबाग_तासगाव

घरी. बाजारातली पूड बरेचदा उघड्या पोत्यातली असते आणि आधीच दमट झालेली, मग ती पाणी ओढणार कशी. खारीक फोडून बी काढा, तुकडे कडक उन्हात दोन दिवस, किंवा पावसाळ्यात मंद आचेच्या कढईत पाच-सात मिनिटं, गार करून मगच दळा. गरम दळली तर साखर वितळून पात्याला काळा गोळा बसतो. चाळून, लगेच कोरड्या बरणीत. बरणीत गोळे झाले तर पूड ओली झाली समजा, पुन्हा वाळवल्याशिवाय बारला वापरू नका.